इक्बाल, वजनकाटा आत आला

इक्बाल, लेका, काटा आत आला.

सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण तू असतास तर सगळ्यात आधी हेच विचारलं असतंस. घरचं-दारचं, कोण आलं, कोण रडलं, ते सगळं मागनं. खंडेनवमीला कारखान्यावर स्विचच्या सगळ्या वायरी निघाल्या, पूजा होऊन परत लागल्या. त्या परत लागायच्या आधी मी माझ्या हातानं तुझं नाव काढून टाकलं होतं. आणि तरीसुद्धा वजनकाट्याचा कॉम्प्युटर आत आला. मी खुर्चीत बसलो तो बसलोच. हसू नकोस.

हे छापून येणार आहे म्हणून जरा इस्त्री केलेली भाषा वापरतोय. तू म्हणशील, "पुण्याला जाऊन आलास काय रं मर्दा?" म्हण की. तुला काय, तू सुटलास.

सुटलास हे मी टोमण्यानं म्हणत नाही, मनापासून म्हणतोय. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या आपल्या दुकानात वायरीला टोकं बसवत होतो. फोन ठेवला आणि तोंडातून पहिला शब्द आला तो "सुटला". रडू नाही आलं. मग माझा मलाच राग आला. एवढ्या वर्षांचा दोस्त गेला आणि आपल्याला हलकं वाटतंय, म्हणजे आपण माणूस आहोत का कोण? पण ज्यानं तुला त्या डायलिसिसच्या खुर्चीत बघितलंय त्याला विचारावं. दंडाची ती फुगलेली शीर, आणि पाणी मोजून प्यायचं. गुऱ्हाळावर उसाच्या रसाचा अख्खा तांब्या उभ्या उभ्या रिकामा करणारा माणूस तू, बर्फाचा एक खडा तोंडात धरून दुपार काढायचास. मातीच्या दिवशी मी दारात खाली मान घालून उभा होतो, तर भाबीच जवळ आली आणि म्हणाली, "म्हादूभाई, आता त्यांना पोटभर पाणी मिळत असंल, न्हाई?" तेव्हा रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो. पण ते हलकं वाटणं काही गेलं नाही, आणि आता मी त्याची लाज बाळगणं सोडून दिलंय.

वाचणाऱ्यांना आपण काय करायचो ते सांगायला पाहिजे, नाहीतर त्यांना वाटेल दोघं उसाचं वजन करत होते. आपण कॉम्प्युटरच्या वायरी जोडायचो. मी कुरुंदवाडचा, तू शिरोळचा, आयटीआयला एका बाकावर बसलो आणि नंतर एका पाटीखाली. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांतून एकच काळी गोल वायर फिरायची आणि तिच्या दोन टोकांना दोन टोपणं असायची. झाडू मारताना एका टोपणाला धक्का लागला की अख्खं ऑफिस बंद. मग आपण दोघं टेबलाखाली. आपली निम्मी जवानी लोकांच्या टेबलाखाली गेली. तू खालून ओरडायचास, "म्हादू, हितं चप्पल हाय, उंदीर हाय, टोपण तेवढं न्हाय!"

मग स्विच आले आणि आपण टेबलाखालून वर आलो. चपटी पत्र्याची पेटी, पुढं भोकांची रांग, एकेका भोकात एकेका कॉम्प्युटरची वायर. भोकाला पोर्ट म्हणायचं. आपल्या शिरोळकडच्या साखर कारखान्यात आपण जो बसवला तो साधा नव्हता. कुठल्या भोकातल्या माणसानं कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही, हे त्याला शिकवता येत होतं. तू त्याला शिकवायला बसलास की जेवायचं भान राहायचं नाही तुला.

शिकवायची वेळ आली ती एका पाहुण्यामुळं. गळीत हंगामाच्या तोंडावर कारखान्यावर माणसांची रीघ. बॉयलर बघायला कुणी, हिशेब तपासायला कुणी, बँकेचे साहेब. प्रत्येकाच्या बगलेत लॅपटॉप आणि तोंडात एकच प्रश्न, नेट आहे का? आणि आपल्याकडची माणसं! "हाय की पावणं, लावा हितं!" समोर दिसेल ती वायर हातात द्यायची. त्यातल्या एकाच्या लॅपटॉपात कसला तरी किडा होता. तासाभरात ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर आपोआप बंद पडून आपोआप सुरू व्हायला लागले, आणि त्यात वजनकाट्याचाही. काटा बंद म्हणजे उसाची वाहनं जागच्या जागी, आणि गाडीतला ऊस उन्हात वाळतोय. ट्रॅक्टरवाले काय काय बोलले ते इथं लिहिता येत नाही.

तू म्हणालास, मोकळी भोकं सगळी बंद करून टाकायची. मी भडकलो. दारात आलेल्याला नाही म्हणायचं? आपल्यात? तू शांतपणे विचारलंस, "तुमच्या घरी पावणा आला की कुठं बसतोय रं? भायेर सोप्यात का थेट चुलीम्होरं?"

"सोप्यात."

"मग हितं का त्याला चुलीम्होरं बसवायलायस?"

अशी आपल्या कारखान्यात पाहुण्यांची वेगळी खोली झाली. भिंत नाही, दार नाही, सगळं त्या पेटीच्या आत. शेवटची काही भोकं पाहुण्यांची. तिथं वायर लावली की बाहेरचं नेट मिळणार, पण ऑफिसातलं काहीही दिसणार नाही. आणि तिथून नेट उघडलं की पहिल्यांदा तुझं पान यायचं. मोठ्या अक्षरात: या पावणं, बसा. पाणी घ्या. नेट हाय. आतल्या खोलीत तेवढं डोकवू नका. कार्यकारी संचालक साहेबांना ते पान इंग्रजीत पाहिजे होतं. तू म्हणालास, "साहेब, पावणं कोल्हापूरच्या कारखान्यात आल्यात, लंडनला न्हाय." साहेब हसले आणि पान राहिलं.

मला वाटलं मिटलं. कसलं मिटतंय! खंडेनवमी आली.

आपल्याकडं खंडेनवमीला जे जे चालतं त्याची पूजा होते. विळा, पाना, ट्रॅक्टर, बॉयलर, मग कॉम्प्युटर विभागानं काय घोडं मारलंय? आपल्या शकुंतलाअक्का, त्या विभागातल्या सगळ्यांत जुन्या, त्यांनी स्विचच्या सगळ्या वायरी काढल्या, पेटी मऊ फडक्यानं पुसली, भोकाभोकात ब्रश फिरवला, वर हळदी-कुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली आणि वायरी परत लावल्या. रंगानं रंग जुळवून. निळ्या सगळ्या एका बाजूला, करड्या एका बाजूला. देवघर मांडावं तसं मांडलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या वर्षी दसरा झाला की लगेच मोळी टाकून गाळप सुरू करायचं होतं. पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि काट्याच्या कॉम्प्युटरला आतलं काही दिसेना. काट्यावरच्या कारकुनानं नेट उघडून बघितलं आणि आपल्याला फोन केला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. "ओ सायेब, काटा मला पाणी घ्या म्हंतोय!"

काट्याची निळी वायर पाहुण्यांच्या भोकात गेली होती. वाहनांची रांग पार सडकेपर्यंत. मी शकुंतलाअक्कांवर असा ओरडलो की त्यांनी हातातली पेढ्याची ताटली खाली ठेवली. तू आलास, पेटीकडं बघितलंस आणि म्हणालास, "अक्का, लई देखणं लावलंय बघा." मग वायर बदललीस, काटा सुरू केलास आणि मला बाहेर घेऊन गेलास.

"चूक त्यांची न्हाय. आपली हाय. आपण भोकाला वळख दिली. वळख माणसाला द्यायला पायजे."

मी म्हटलं, भोकांवर नंबर चिकटवू, पूजा बंद करू. तू म्हणालास, "पूजा बंद? तू सांग जा अक्कांना. मी लांबनं बघतो."

त्यानंतर तू मला जे समजावलंस ते मी आजवर शंभर जणांना तुझ्याच शब्दांत सांगितलंय, आणि ते तुझे शब्द आहेत हे एकालाही सांगितलं नाही. तू म्हणालास, "मी पहिल्यांदा तुझ्या घरी आलतो तवा सोप्यात बसलो. आता कुठल्या बी दारानं येऊ दे, म्होरनं न्हायतर परसातनं, थेट चुलीम्होरं बसतोय आन् तुझी अव्वा गव्हाची हुग्गी वाढती. का? दार बदललं म्हणून? अव्वाला माझं नाव म्हाईत हाय म्हणून." तसंच करायचं. वायर कुठल्याही भोकात लागू दे. कॉम्प्युटरनं आपलं नाव आणि परवलीची खूण सांगायची. स्विचनं स्वतः काही ठरवायचं नाही, कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरला विचारायचं, हा आपला का? त्याला तू वाचमन म्हणायचास. वाचमन हो म्हणाला की आत. नाही म्हणाला, किंवा समोरच्याला नावच सांगता आलं नाही, की सोप्यात.

मी विरोध केला, आणि तो नुसता हट्ट नव्हता. प्रिंटरला नाव सांगता येत नाही, त्याचं काय? तू त्याला बनवणाऱ्या कंपनीनं दिलेल्या अंगावरच्या नंबरावरून ओळखायला शिकवलंस. वाचमनच बंद पडला तर? तू दुसरा वाचमन ठेवलास. मी प्रत्येक वेळी नवीन खुसपट काढायचो आणि तू दात काढत त्याच्या मागं लागायचास. पहिल्यांदा सुरू केलंस तेव्हा खुणेत कुठंतरी गफलत झाली आणि सगळ्या भोकांवर नारिंगी दिवे. हिरवा म्हणजे आत, नारिंगी म्हणजे अजून बाहेर. कार्यकारी संचालकांपासून शेती विभागापर्यंत अख्खा कारखाना त्या दिवशी पाहुणा. सगळ्यांना बसा, पाणी घ्या. साहेबांनी खरोखरच पाणी मागवलं. पण पुढच्या खंडेनवमीला अक्कांनी वायरी फुलपाखरासारख्या मांडल्या, आणि नारिंगी दिवे एकेक करून हिरवे होत गेले, ज्यानं त्यानं आपापली जागा धरली. नारळ तू फोडलास. त्यानंतर दरवर्षी तूच फोडायचास, अक्का दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायच्याच नाहीत.

तुझा एक नियम मात्र मला कधी आवडला नाही. माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं नाव काढायचं. बदली होवो, निवृत्त होवो. मुख्य हिशेबनीस निवृत्त झाले, तिकडं त्यांना शाल घालत होते आणि इकडं तू त्यांचं नाव काढलंस. बिचारे शेवटचं एक पत्र पाठवायला टेबलावर आले तर समोर तुझं पान. त्यांचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं राबून पावणा झालो व्हय रं इक्बाल?" तू त्यांच्या पायाला हात लावलास आणि म्हणालास, "साहेब, पावण्याला मान जास्त असतोय." ते हसले. मी नाही हसलो. मी परतीच्या वाटेवर तुला म्हटलं, एक दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? तू म्हणालास, "एक दिवस थांबलं की कायमचं थांबतंय, म्हादू."

आता आपल्या खऱ्या भांडणाकडं येतो. ते अर्धवट टाकून गेलास.

मागच्या हंगामात काट्याचा कॉम्प्युटर जळाला. तेव्हा तुझं डायलिसिस सुरू झालं होतं. आपण दुसरा कॉम्प्युटर नेऊन बसवला, बाहेर ट्रॅक्टरचे हॉर्न, डोकं फिरायची वेळ. त्याला नवीन नाव द्यायला सवड नव्हती. तू घाईनं तुझंच नाव आणि तुझीच खूण घातलीस, मी शेजारी उभा होतो. दिवा हिरवा झाला. म्हणजे त्या दिवसापासून काटा इक्बाल म्हणून आत जात होता. हंगाम संपला, काट्याच्या खोलीला कुलूप लागलं, आणि तू दिवसेंदिवस खाली खाली गेलास.

गणपतीच्या आधी तुला कोल्हापुरात हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी संत्री घेऊन आलो, ती तुला चालत नव्हती, मीच खात बसलो. तू म्हणालास, "माझं नाव काढून टाक आता."

"का? मेलास काय तू?"

"मेल्यावर तू काढणार न्हाईस. वळखतो की मी तुला. म्हणून आत्ता सांगतोय."

"आन् काटा? तुझ्या नावावर चालतोय तो."

"न्हाय. काट्याला काट्याचं नाव दिलंय."

"कवा?"

"दिलंय म्हंतोय न्हवं?"

"माझ्या डोळ्यादेखत तू तुझं नाव घातलंस!"

"आन् तुझ्या माघारी बदललं. सगळं काय तुला दाखवून करायचं व्हय?"

आपला आवाज इतका चढला की सिस्टर आल्या आणि मला बाहेर काढलं. जाताना तू हात हलवलास, जा जा म्हणून. मला पक्कं वाटलं, हा मला बरं वाटावं म्हणून थापा मारतोय. कारखान्यावर तू माझ्याशिवाय जाणार कसा? माझ्याच मोटारसायकलवर मागं बसून सगळीकडं जायचास. त्यानंतर आपण दोनदा भेटलो, पण तेव्हा तुला बोलायचं त्राण नव्हतं आणि मी स्विचचा विषय काढला नाही. गणपतीचे मांडव अजून रस्त्यावर होते, तेव्हा तू गेलास.

तू गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. वाईट माणूस नाही, पण त्यांच्या डोक्यावर हंगाम. म्हणाले, "महादेवराव, स्पष्ट बोलतो. हे सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं. पहिल्या दिवशी काटा थांबला तर मला पुण्याची कंपनी बघावी लागंल." आपल्या दुकानाचं निम्मं काम हा एक कारखाना. आणि दुकानाच्या पाटीवर अजून दोन नावं आहेत, दोन घरं आहेत. भाबीला मी सांगितलंय, इक्बालचा वाटा तसाच चालू राहणार. कारखाना गेला तर कसला वाटा चालू ठेवतोय मी!

मग तू म्हणशील, खोली उघडायची, कॉम्प्युटर लावायचा, नाव बघायचं. केवढंसं काम. व्हय, केवढंसंच काम. पण मी गेलो नाही. खोलीला कुलूप आहे म्हणालो, पाऊस आहे म्हणालो. खरं सांगू? बघितलं असतं आणि तू म्हणालास तसंच असतं, तर तुझं नाव ठेवायला मला काही कारणच उरलं नसतं. रोज सकाळी वाचमनच्या यादीत तुझं नाव दिसायचं. जळालेल्या कॉम्प्युटरचं 'काटा' हे नावही यादीत होतंच, पण नवा कुठलं नाव सांगतो ते यादीवरून कळत नव्हतं. मी रोज म्हणायचो, राहू दे, काट्याला लागतंय.

खंडेनवमीच्या सकाळी अक्कांचा फोन. "म्हादेव, येतोस न्हवं? वायरी काढायलोय." मला पळून जावंसं वाटलं. सगळ्या वायरी निघणार म्हणजे सगळ्यांना आज नव्यानं नाव सांगावं लागणार. आजच कळणार. निघताना भाबीकडं डोकावलो, तर तिनं तुझा लॅपटॉप हातात दिला. म्हणाली, "यातले फोटो काढून द्या, मग हा पोरीला द्यायचाय, नव्यासारखा करून." तो बगलेत मारला आणि गेलो.

अक्का पेटी पुसत होत्या. साहेब मागं हात बांधून उभे. अक्कांनी काट्याची खोलीही झाडून घेतली होती, तिथला कॉम्प्युटर सुरू होता. मी वाचमनपुढं बसलो. यादी उघडली. तुझं नाव. इक्बाल, मी त्या नावाकडं बघत किती वेळ बसलो मला माहीत नाही. साहेब खाकरले. अक्का म्हणाल्या, "काढ की रं. त्यानंच तर शिकवलंय."

काढलं.

मग अक्कांनी वायरी लावायला सुरुवात केली. यंदा त्यांनी तोरणासारख्या लावल्या, एक वर एक खाली. नारिंगी, नारिंगी, हिरवा. नारिंगी, हिरवा. काट्याची वायर कुठली ते मला कळलं, कारण तिचा दिवा नारिंगीच राहिला. तुला माहीत आहे तो वेळ, स्विच विचारतोय, समोरचा उठतोय, आपण श्वास धरून उभे. मी मनात तुला शिव्या द्यायला लागलो होतो. लबाडा, थापाड्या, मरताना पण खोटं बोललास.

दिवा हिरवा झाला. वाचमनच्या पडद्यावर एक ओळ उमटली. नाव: काटा. आत घेतला.

साहेब म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "झालं." ते बरं म्हणाले आणि बॉयलरच्या पूजेला गेले. एवढंच. पुण्याच्या कंपनीचं नाव कुणी काढलं नाही. मी खुर्चीत, आणि तोंडावर हसू. इतकं मोकळं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. दुकान राहिलं, भाबीचं घर राहिलं, आणि तू थापा मारल्या नव्हत्यास. यातलं शेवटचं सगळ्यांत मोठं.

मी अक्कांना म्हटलं, हे त्यानं केलं कधी? अक्का माळ बांधत म्हणाल्या, "आल्ता की उन्हाळ्यात. भाबी संगं हुती, शिरोळातनं रिक्षा करून आलती दोघं. काट्याच्या खोलीची किल्ली मागितली, आत बसून कायतरी खुडखुड केलं. निम्म्यात धाप लागली, तर भाबीनं पदरानं वारा घातला. मला म्हणाला, म्हादूला सांगू नका, अशा उन्हात आलास म्हणून शिव्या घालंल."

घातल्याच असत्या. आत्ताही घालतो. सावली सोडून अशा उन्हात जायचं तुझं काम होतं काय? आणि आलास तर आलास, सांगायला काय झालं होतं? मी निम्मा पावसाळा रात्रंदिवस जळत काढला. पण लेका, उपकार झाले. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नसतं, म्हणून छापून म्हणतोय. तुझं बरोबर होतं. भोकाचं, वाचमनचं, नावाचं, सगळ्याचं बरोबर होतं. मी हरलो, आणि हरून एवढं बरं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं.

एक काम राहिलं होतं. नाव काढलं की ते खरंच निघालंय का ते बघायचं, हाही तुझाच नियम. त्यासाठी तुझ्या लॅपटॉपसारखी दुसरी वस्तू कुठली? मी तो टेबलावर ठेवला, एक मोकळी वायर लावली. लॅपटॉपनं सवयीनं तुझं नाव सांगितलं. नारिंगी दिवा. वाचमननं यादी बघितली आणि नाही म्हणाला. मी नेट उघडलं.

या पावणं, बसा. पाणी घ्या.

तूच लिहिलेलं, तुलाच. अक्कांनी खांद्यावरून वाकून वाचलं. आत गेल्या, पितळी तांब्या घासून घेतलेला होता, तो काठोकाठ भरून आणला आणि लॅपटॉपच्या समोर ठेवला. नारळ यंदा त्यांनी माझ्या हातात दिला. एका फटक्यात नाही फुटला, तीन लागले.

पी लेका. आता मोजायचं नाही.